विष भट्टीतले की कारखान्यातले?

मे २०२५ मध्ये पंजाबात, अमृतसर जिल्ह्यातल्या मजिठा परिसरात विषारी दारूने २७ जणांचा बळी घेतला. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२४ मध्ये, तमिळनाडूतल्या कल्लकुरिचीत साठहून अधिक माणसे गेली. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद आणि आसपासच्या गावांत चाळीसहून अधिक. आपल्याकडे मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर. राज्ये वेगळी, सरकारे वेगळी, कुठे दारूबंदी आहे तर कुठे नाही. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी असते. दुर्घटनेनंतर दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्रात हमखास एक छायाचित्र येते. कुठल्या तरी ओढ्याकाठी पोलीस हातभट्ट्या फोडत आहेत, मडकी आणि पिंपे उलटवत आहेत, आणि खाली ओळ असते, ‘इतके लिटर कच्चे रसायन नष्ट.’

याच काळात दुसऱ्या प्रकारच्या बातम्याही येत होत्या. गोव्याने २०२१ मध्ये फेणीसाठी स्वतंत्र धोरण आणले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून बाजारात आणले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये काजूची बोंडे आणि मोहफुले यांपासून बनणाऱ्या मद्याला विदेशी मद्याच्या वर्गात बसवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे लाकडाच्या जाळावर, तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यात उकळून काढलेली दारू एका पानावर वारसा ठरते आणि दुसऱ्या पानावर विष. वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच. बाह्यरुग्ण विभागात मला हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा विचारला गेला आहे. गोव्याला जाऊन आलेला तरुण विचारतो, ‘डॉक्टर, भट्टीची फेणी प्यायलो, डोळ्यांना काही होणार नाही ना?’ आणि रोज गावठी पिणाऱ्या माणसाची बायको विचारते, ‘साहेब, यांनी ती सोडून दुकानातली घेतली तर चालेल ना?’ दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. घातक विष भट्टीत तयार होते, ही ती समजूत. ती बरीचशी चुकीची आहे, आणि तिच्यामुळे आपण पहारा भलत्याच ठिकाणी ठेवतो.

आधी भट्टीत होते काय ते पाहू. उदाहरण गोव्याचेच घेतो, कारण तिथे ही पद्धत उघडपणे, परवाना घेऊन चालते आणि पुष्कळांनी ती पाहिलेली आहे.

हंगाम साधारण मार्च ते मे. काजूचे बोंड झाडावरून तोडत नाहीत. पिकून खाली पडलेलेच वेचतात. बी पिरगाळून वेगळी काढायची आणि बोंडे कातळात कोरलेल्या उथळ कुंडात पायाने तुडवायची. या कुंडाला कोळंबी म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्राने रस काढतात. तुडवलेल्या चोथ्यावर वजन ठेवले की रात्रभर थेंब थेंब निथळतो तो नीरो. तो गोड, बिनदारूचा, उन्हाळ्यात प्यायला झकास. उरलेला रस मडक्यात किंवा पिंपात दोन-तीन दिवस आंबवतात. यीस्ट वेगळे घालत नाहीत. फळाच्या सालीवर आणि हवेत जे असते तेवढ्यावर काम भागते.

आंबलेला रस मग भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात जातो. पूर्वी भाण मातीचे असे, आता बहुतेक तांब्याचे. खाली लाकडाचा जाळ. वाफ नळीतून बाहेर पडते आणि गार पाण्यातल्या मडक्यात किंवा वेटोळ्या नळीत थंड होऊन थेंबांनी उतरते. पहिल्या उकळीत मिळतो तो हुर्राक. त्यात मद्यार्क साधारण पंधरा टक्के असतो. हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून उकळला की बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांची फेणी तयार होते. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. भारतातल्या मद्यांत ते पहिले.

तांबेच का, हे विचारण्यासारखे आहे. एक तर ते उष्णता पटकन आणि सगळीकडे सारखी पसरवते. लाकडाचा जाळ कधी भडकतो, कधी मंदावतो, अशा वेळी भांड्याच्या तळाशी रस करपू नये यासाठी याचा उपयोग होतो. दुसरे कारण रासायनिक. आंबवताना गंधकाची काही संयुगे तयार होतात. सडक्या अंड्याचा किंवा शिजलेल्या कोबीचा वास येतो तो त्यांचा. तांब्याचा पृष्ठभाग ही संयुगे धरून ठेवतो. स्कॉटलंडची व्हिस्कीही तांब्याच्याच भांड्यात उकळतात, ती याच कारणाने. पण तांबे विष शोषून घेते, ‘शुद्ध’ करते, असे जे सांगतात त्यात तथ्य नाही. मिथेनॉलला तांबे काहीही करत नाही.

आता मुद्द्याचे बोलू. दारूतला मद्यार्क म्हणजे इथेनॉल. डोळे आणि जीव घेतो तो मिथेनॉल. नावे सख्ख्या भावांसारखी, रंग-वासातही फारसा फरक नाही. आंबवण्याच्या क्रियेत यीस्ट साखरेचे इथेनॉल करते. मिथेनॉल साखरेपासून होत नाही. तो येतो पेक्टिनपासून. पेक्टिन म्हणजे फळांच्या गरात असतो तो चिकट पदार्थ, ज्याच्यामुळे जॅम घट्ट होतो. फळातले एक विकर पेक्टिनचे विघटन करताना थोडा मिथेनॉल मोकळा करते. त्यामुळे फळांपासून केलेल्या कोणत्याही दारूत तो थोडाफार असतोच, ताज्या फळांच्या रसातही असतो. गुळाच्या दारूत तो जवळजवळ नसतो, कारण गुळात पेक्टिन नाही.

थोडाफार म्हणजे किती? युरोपीय संघाने फळांपासून काढलेल्या दारूसाठी घातलेली मर्यादा प्रत्येक लिटर शुद्ध मद्यार्कामागे दहा ग्रॅम मिथेनॉलची आहे. तीही बहुतेक फळांच्या दारूसाठी पुरून उरते. चाळीस टक्क्यांच्या दारूत, मर्यादेच्या अगदी काठावर असली तरी, लिटरमागे चार ग्रॅम मिथेनॉल आले. माणूस दगावायला साधारण तीस मिलिलिटर, म्हणजे चोवीस ग्रॅमच्या आसपास मिथेनॉल पुरतो. कधी त्याहून कमीही. हिशेब करा. त्यासाठी सहा लिटर दारू एका बैठकीत प्यावी लागेल. त्याच्या कितीतरी आधी इथेनॉलनेच श्वास थांबेल. शिवाय सोबतचा इथेनॉल मिथेनॉलला शरीरात काही काळ रोखून धरतो. ते कसे, ते पुढे सांगतो.

इथे नेहमी एक शंका येते. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतो आणि इथेनॉल ७८ अंशांना. मग पहिल्या धारेत सगळा मिथेनॉलच येत असणार, ती धार फेकली की झाले! हे वाचायला पटते, पण वेगवेगळ्या बाटल्यांतल्या शुद्ध द्रवांपुरतेच खरे आहे. भाणात ऐंशी-नव्वद टक्के पाणी असते. मिथेनॉलचे रेणू पाण्याला चांगलेच धरून राहतात, त्यामुळे तो पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत थोडा थोडा येत राहतो. साध्या भट्टीत तो बाजूला काढता येत नाही. पहिल्या धारेत जास्त असते ते ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट. डोके धरणारी, घशाला झोंबणारी ही संयुगे. अनुभवी भट्टीवाला सुरुवातीचा भाग बाजूला ठेवतो तो चवीसाठी, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे मात्र ‘पहिल्या धारेची’ हे कौतुकाचे विशेषण होऊन बसले आहे. तिच्यात मद्यार्क सर्वांत जास्त असतो, म्हणून हे कौतुक.

काडी लावून पाहण्याची परीक्षाही अशीच. चमच्यात ओतून पेटवली, निळी ज्योत आली की माल चोख. प्रत्यक्षात मिथेनॉलही पेटतो, त्याची ज्योतही फिकट निळी, दिवसाउजेडी दिसणारसुद्धा नाही अशी. ही परीक्षा एवढेच सांगते की द्रवात जळणारे काहीतरी भरपूर आहे. मिथेनॉल मिसळलेली दारू या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल.

आणखी एक गैरसमज नावामुळे झाला आहे. मिथेनॉलला जुने नाव ‘वुड स्पिरिट’, म्हणजे लाकडाचा मद्यार्क. त्यामुळे लाकडाच्या जाळावर काढलेल्या दारूत तो उतरतो, असे सुशिक्षित माणसेही सांगताना मी ऐकली आहेत. हे नाव पडले ते पूर्वी बंद भांड्यात लाकूडच भाजून त्यातून मिथेनॉल काढत म्हणून. भाणाखालचे लाकूड भाणात शिरत नाही. आज मिथेनॉल बनतो तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून, मोठ्या कारखान्यांत. भारत आपल्या गरजेचा बहुतांश मिथेनॉल आयात करतो. फॉर्मल्डिहाइड, प्लायवूडचे रेझिन, रंग, थिनर, औषधनिर्मिती, सगळीकडे तो लागतो. टँकरने बंदरातून निघतो, पिंपांतून गोदामांत जातो, तिथून लहान कारखान्यांत.

वर ज्या दुर्घटना सांगितल्या त्यांत मृत्यू आला तो या साखळीतून. मजिठ्यात मिथेनॉल ऑनलाइन मागवला होता, असे पंजाब पोलिसांनी सांगितले. बोटादमध्ये अहमदाबादच्या एका रसायन कंपनीच्या गोदामातून तो चोरून आणला आणि पाणी घालून विकला, असे तपासात निघाले. कल्लकुरिचीत पिशव्यांतून विकल्या गेलेल्या दारूत मिथेनॉल सापडला. मालवणीतही तोच. गुजरातेत अशा घटनांना ‘लठ्ठाकांड’ म्हणतात. शब्द जुना आहे, त्यावरून हा प्रकार किती जुना ते कळावे. यातल्या बऱ्याच दारूला भट्टी लागलेलीच नाही. पाणी, मिथेनॉल, बादली आणि ढवळायला काठी. दारू गाळायला गूळ लागतो, जळण लागते, चार-पाच दिवस लागतात आणि धूर दिसतो. मिथेनॉल मिसळायला दहा मिनिटे पुरतात. इथेनॉलवर उत्पादनशुल्क मोठे, मिथेनॉलवर ते नाही. छापे टाकून गूळ-मोहाची भट्टी बंद पाडली की गिऱ्हाईक तेवढेच राहते आणि माल कुठूनतरी आणावा लागतो. भट्टी फोडली म्हणून दरवेळी विषच येते असे मी म्हणणार नाही. पण धूर न होणारा माल विकणाऱ्याला सोयीचा पडतो, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

‘कच्चे रसायन’ हा शब्दही या गोंधळात भर घालतो. पोलिसांच्या भाषेत रसायन म्हणजे गूळ-मोहाचे आंबलेले पाणी. वाचणाऱ्याला वाटते, कारखान्यातले रसायन पकडले. खरे रसायन त्या वेळी महामार्गावरून कागदपत्रांसह चाललेले असते.

मिथेनॉल शरीरात गेल्यावर काय करतो, हे एकदा नीट समजून घ्यावे, कारण वेळेचा सगळा खेळ तिथे आहे. मिथेनॉल स्वतः फारसा विषारी नाही, साध्या दारूसारखी थोडी नशा देतो. यकृतातले विकर त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते. लाल मुंगीच्या डंखात असते तेच हे आम्ल. ते पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. डोळ्यांच्या मागची नस आणि मेंदूचा खोल भाग यांना प्राणवायूची भूक सर्वांत जास्त, म्हणून पहिला घाव तिथे बसतो. या साऱ्याला बारा ते चोवीस तास लागतात. सोबत इथेनॉल प्यायला असेल तर त्याहून जास्त, कारण तेच विकर इथेनॉलला आधी हात घालते आणि मिथेनॉल रांगेत थांबतो.

म्हणून रुग्ण रात्री पिऊन झोपतो, सकाळी उठतो, कामालाही जातो. दुपारी पोटात कळ, उलट्या, डोके जड. घरच्यांना वाटते, जास्त झाली, उतरेल. मग डोळ्यांसमोर धुके. काही जण सांगतात, सगळे पांढरे दिसते, पीठ उधळल्यासारखे. श्वास खोल आणि वेगाने सुरू होतो, जणू माणूस डोंगर चढून आला आहे. रक्तात आम्ल साठल्याची ती खूण. अपघात विभागात असा रुग्ण आला की आम्ही पहिले विचारतो, कधी प्यायला आणि सोबत कोण कोण होते. पहिल्याचे उत्तर मिळते, दुसऱ्याचे मिळत नाही. पोलीस केस होणार, नाव येणार, ज्याच्याकडून घेतली तो गल्लीतलाच. ही भीती मी अनेक नातेवाइकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. तोवर सोबतचे तिघे-चौघे घरी निजलेले असतात.

उपचार आहेत, आणि वेळेत मिळाले तर उत्तम लागू पडतात. विकराला मिथेनॉलपासून दूर ठेवायचे, रक्तातले आम्ल सोड्याने उतरवायचे, फॉलिनिक आम्ल द्यायचे आणि डायलिसिस करून मिथेनॉल व फॉर्मेट दोन्ही धुऊन काढायचे. विकर रोखायला फोमेपिझोल नावाचे इंजेक्शन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते २०१३ पासून आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांत ते सहज मिळेल अशी खात्री मी देऊ शकत नाही. ते नसेल तर इथेनॉल द्यायचा, मोजून, नाकातल्या नळीवाटे किंवा शिरेतून. दारूच्या विषावर दारूचाच उतारा, हे ऐकून नातेवाईक चकित होतात. पण याचा अर्थ घरी आणखी पाजावी असा अजिबात नाही. त्याने लक्षणे लांबतात, रुग्णालय लांबते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. रक्तातले मिथेनॉलचे प्रमाण मोजण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. आम्ही रक्तवायूंच्या तपासणीवर अंदाज बांधून उपचार सुरू करतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येतो तेव्हा रुग्ण एक तर घरी गेलेला असतो, नाहीतर नसतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, डॉक्टर भट्टीची वकिली करताहेत. तसे नाही. भट्टीचे स्वतःचे धोके आहेत, फक्त ते वेगळे आहेत.

पहिला शिशाचा. भांडे तांब्याचे असले तरी सांधे डाखाने जोडलेले असतात, आणि जुन्या डाखात शिसे असते. गरम, किंचित आंबट वाफ ते हळूहळू खरवडते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत चोरटी दारू गाळणारे वाफ थंड करायला मोटारीचे जुने रेडिएटर वापरत, आणि ती दारू पिणाऱ्यांना शिशाची विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत भरपूर आहेत. पोटात कळा, रक्तक्षय, हातातला जोर जाणे, मूत्रपिंडे निकामी होणे. शिसे एका रात्रीत मारत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. दुसरा धोका तांब्याचाच. भांडे नीट न घासता ठेवले की हिरवा गंज चढतो, पुढच्या खेपेला तो दारूत उतरतो. कल्हई न केलेल्या भांड्यात ताक ठेवू नये हे आपल्या आज्यांना माहीत होते, कारण तेच.

तिसरा धोका रसायने टाकण्याचा. बेकायदा हातभट्टीत काळा गूळ लवकर आंबावा, माल ‘कडक’ व्हावा म्हणून नवसागर घालतात, आणि त्यावर न थांबता कुठे युरिया तर कुठे जुन्या बॅटरीचे सेलही. नवसागराने तांबेही झिजते. चौथा धोका जाळाचा. दुसऱ्या उकळीत वाफेत मद्यार्क भरपूर असतो. सांधा गळला आणि खाली उघडा जाळ असला की भडका उडतो. जळीत कक्षात अशी माणसे येतात, आणि कारण विचारले तर स्टोव्ह उडाला असे सांगतात.

आणि पाचवा, सगळ्यांत मोठा धोका म्हणजे खुद्द इथेनॉल. तो शुद्ध असला, परवान्याचा असला, मानांकन मिळालेला असला तरीही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन, असे सात ठिकाणचे कर्करोग त्याच्याशी जोडलेले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. हुर्राक हलका समजून, लिंबाचे सरबत, मीठ आणि चिरलेली मिरची घालून लोक पेल्यामागून पेले पितात. पंधरा टक्क्यांच्या हुर्राकाचा पाव लिटरचा एक पेला आणि बेचाळीस टक्क्यांच्या फेणीचे नव्वद मिलिलिटर यांत मद्यार्क जवळजवळ सारखाच, तीस ग्रॅमच्या आसपास. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पंधरा वर्षांवरील पुरुषांत साधारण १९ टक्के दारू पितात. आमच्या वॉर्डात पोटात पाणी झालेले, डोळे पिवळे झालेले जे रुग्ण पडलेले असतात त्यांच्यापैकी मिथेनॉल प्यायलेला एखादाच. बाकीचे ‘चांगली’ दारू पिऊनच आलेले असतात, कोणी दुकानातली, कोणी गावठी. त्या बायकोच्या प्रश्नाला मी हेच उत्तर देतो. दुकानातली घेतली तर आंधळे होण्याची भीती जाईल, यकृताची जाणार नाही.

मग सरकारने करायचे काय? इथे थोडा इतिहास आठवावा. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू गाळणे ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्यांत नेले. १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा भागासाठी खास मोहफुलांवर कायदा आला, कारण फुले हाताशी असली तर लोक घरीच गाळतात आणि महसूल बुडतो. हेतू महसुलाचा होता, आरोग्याचा नव्हता. मोहफुले गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध महाराष्ट्राने उठवले ते २०२१ मध्ये. सव्वाशेहून अधिक वर्षे आपण फुलावर पहारा ठेवला. त्याच्या निम्माही पहारा मिथेनॉलच्या पिंपावर ठेवलेला मला दिसत नाही.

कायद्याची अडचण आहे असेही नाही. १९१९ च्या विष अधिनियमाने विषारी पदार्थांच्या साठ्यावर आणि विक्रीवर परवाने घालण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी औद्योगिक मद्यार्काचे नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. तो खटला मुख्यतः इथेनॉलच्या औद्योगिक वापराचा होता. पण कारखान्यातला मद्यार्क पिण्यासाठी वळवला जाऊ नये ही जबाबदारी राज्याची, हे त्यातून पक्के झाले. आता टँकर किती लिटर घेऊन निघाला, किती उतरला, गोदामात किती उरला याचा ताळा रोजच्या रोज लागला पाहिजे. दुधाच्या टँकरचा लागतो, मग याचा का लागू नये? किरकोळ आणि ऑनलाइन विक्री परवाना पाहिल्याशिवाय होता कामा नये. मालवणी प्रकरणाचा निकाल लागायला नऊ वर्षे लागली. २०२४ मध्ये चौघे दोषी ठरले, दहा जण सुटले. शिक्षेच्या धाकावर विसंबून राहण्यात फार अर्थ नाही, एवढे त्यातून दिसते.

वारसा म्हणून ज्या भट्ट्यांना परवाने द्यायचे त्यांना चवीच्या वर्णनाबरोबर तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. बिनशिशाचा डाख, दर हंगामात शिसे, तांबे आणि मिथेनॉल यांची प्रयोगशाळेतली तपासणी, आणि बाटलीवर मद्यार्काचे खरे प्रमाण. ‘पारंपरिक’ हा शब्द आरोग्याचा दाखला म्हणून छापू देऊ नये. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे बायकांचा लढा होता. मोहाच्या बाटलीवर वारली चित्र काढताना त्या बायकांनाही विचारावे, असे मला वाटते.

आणि आमच्या खात्यासाठी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात फोमेपिझोलच्या काही कुप्या, निदान इथेनॉलने उपचार करण्याचा लेखी तक्ता भिंतीवर, आणि रात्रीही सुरू होईल असे डायलिसिस यंत्र हवे. रुग्णाबरोबर आलेल्यांना पहिल्याच वाक्यात सांगावे की दवाखान्यात आणले म्हणून पिणाऱ्यावर गुन्हा लागणार नाही, आणि पोलीस खात्याने तो शब्द पाळावा. आशाताईंच्या प्रशिक्षणात एक ओळ वाढवावी. एकाच वस्तीत एकाच दिवशी दोघांना उलट्या आणि डोळ्यांपुढे धुके, मग ते काल काय प्यायले हे कबूल करोत वा न करोत, १०८ला फोन लावायचा आणि काल त्यांच्यासोबत जे जे बसले होते त्यांची दारे ठोठवायची, ते झोपलेले असले तरी.